रानातली अळंबी, घरातलं औषध?

(मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आपल्यापैकी काही जण हल्ली सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन औषधी अळंबी गोळा करतात आणि घरी तिचा काढा करतात. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' असं मला अनेकदा विचारलं जातं. याचं उत्तर ओळख, कृती आणि पुरावा अशा तीन भागांत देतो.

आधी ओळख. अमेरिकेत सहज सापडते ती 'टर्की टेल'. ती मेलेल्या झाडांच्या ओंडक्यांवर थरांनी वाढते. पातळ, लवचिक, वरून मखमली, आणि रंगांचे अर्धवर्तुळाकार पट्टे. पण पट्ट्यांवर विसंबू नका, उलटी करून पाहा. खाली पांढुरकी, बारीक छिद्रं हवीत. खालची बाजू गुळगुळीत असेल तर ती दुसरीच जात आहे.

छत्रीच्या आकाराच्या, खाली पडदे असलेल्या अळंब्यांना मात्र नवख्यांनी हात लावू नये. कॅलिफोर्नियात 'डेथ कॅप' नावाची अळंबी आहे. कोवळी असताना ती आशियात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते, त्यामुळे स्थलांतरित लोक फसतात. डिसेंबर २०१६मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात १४ जणांना तिची विषबाधा झाली. तिघांचं यकृत बदलावं लागलं. हे विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, किडे खातात ती चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात, मग बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. आजोळच्या पावसाळ्यात कमावलेली नजर या जंगलात चालत नाही.

आता कृती. ताजी, कीड नसलेली टर्की टेल घ्या. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या जागेची नको, आणि उद्यानात तोडायची परवानगी आहे का तेही पाहा. ब्रशने माती झाडा, तुकडे करा, ४० ते ५० अंश सेल्सियसवर वाळवा. वाकवल्यावर कटकन मोडली की वाळली. मग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. अळंबीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात. त्यामुळे चहासारखी दोन मिनिटं उकळून फारसं काही उतरत नाही, तास-दोन तास मंद आचेवर ठेवावी लागते.

शेवटी पुरावा. टर्की टेलपासून काढलेलं 'पीएसके' हे औषध जपानने १९७७मध्ये मान्य केलं. जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीला दिल्यावर काही चाचण्यांत रुग्णांचं जगण्याचं प्रमाण वाढलं. यातला 'जोडीला' हा शब्द विसरू नका. शिवाय ते शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध होतं. आपल्या पातेल्यातल्या काढ्यात किती काय उतरलं हे कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेच्या एफडीएने टर्की टेलला कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता दिलेली नाही.

अपायही होतात. बर्चवर वाढणाऱ्या 'चागा'त ऑक्झलेट भरपूर असतं. जपानमध्ये यकृताचा कर्करोग झालेल्या ७२ वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि त्यांचं मूत्रपिंड निकामी झालं. हे प्रकरण २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर 'रेशी' घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

फणसाच्या खोडावरची कठीण अळंबी उगाळून मुलांच्या तोंड आल्यावर लावायची पद्धत आपल्याकडेही आहे. अशा परंपरेची टिंगल करायचं कारण नाही. काय तपासून पाहावं याचा धागा तिच्यातून मिळतो, पण तपासायचं काम त्यानंतरही उरतंच.

तेव्हा जंगलात जरूर जा, काढाही करून पाहा. पण आजारी माणसाला 'केमो सोड, हे घे' असं सांगू नका. आणि अळंबी खाल्ल्यावर शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर फोन करा. उरलेली अळंबी टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला ती लागेल.