दवाखान्यातला केसपेपर आणि संगणक



तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात थोडा वेळ बसून पाहावे. बाकावर, ओट्यावर, समोरच्या लिंबाखाली माणसे बसलेली असतात. कंपाउंडर नाव पुकारतो आणि मागच्या मांडणीतून त्या माणसाचा केसपेपर शोधू लागतो. सापडला तर ठीक. नाही सापडला तर तो मुकाट्याने नवा कागद काढतो, आणि इथेच एक मोठी गोष्ट नकळत घडून जाते. मागे एकदा पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यावर या बाईंच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती, हे त्या हरवलेल्या कागदावर लिहिलेले असते. नव्या कागदावर ते नसते. बाईंना औषधाचे नाव आठवत नाही, आणि ते त्यांना आठवावे अशी अपेक्षा तरी का करावी?

म्हणून आता लहान दवाखान्यांतूनही संगणक येऊ लागला आहे. त्यावर चालणाऱ्या कार्यक्रमाला ‘प्रॅक्टिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’ असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला दवाखान्याचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर म्हणू या. नंबर लावणे, केसपेपर ठेवणे, औषधांची चिठ्ठी छापणे, फी आणि उधारी यांचा हिशेब ठेवणे, पुढच्या तपासणीची आठवण करून देणे, ही त्याची कामे. असे पुष्कळ कार्यक्रम बाजारात आहेत. त्यांतला कोणता घ्यावा, हा आजचा प्रश्न.

आता कोणी म्हणेल, ‘हा प्रश्न डॉक्टरांचा. आम्हां शेतकऱ्यांना आणि शाळामास्तरांना त्याचे काय?’ तर यंत्र डॉक्टरांचे हे खरे, पण त्यात जे लिहिले जाणार ते तुमच्या-आमच्या देहाविषयी आहे. शिवाय खेड्यात डॉक्टरमंडळी अशा बाबतीत ज्यांचा सल्ला घेतात त्यांत शिक्षक असतातच. तेव्हा चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

सॉफ्टवेअर विकायला येणारा गृहस्थ त्यात काय काय आहे ते दाखवतो. रंगीत आलेख दाखवतो, एका बोटाने चिठ्ठी छापून दाखवतो. डॉक्टरांनी त्याला आधी उलटा प्रश्न विचारावा: ‘उद्या तुमचे सॉफ्टवेअर मी सोडले, तर माझ्या रुग्णांच्या नोंदी मला कशा परत मिळतील?’ माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. घर भाड्याने घेताना आपण बाहेर पडण्याची अट कागदावर घेतो, तसेच हे. कंपनी बुडते, विकली जाते, भाव वाढवते, किंवा तिला त्या धंद्यात रस उरत नाही. ‘गूगल’सारख्या बलाढ्य कंपनीने २००८ साली ‘गूगल हेल्थ’ नावाची सेवा सुरू केली होती. लोकांनी आपले आजार, औषधे, तपासण्या तिथे नोंदवून ठेवाव्यात अशी ती कल्पना. १ जानेवारी २०१२ रोजी ती बंद झाली. नोंदी उतरवून घ्यायला लोकांना आणखी एक वर्षाची मुदत मिळाली, हे त्यातल्या त्यात बरे. लहान कंपनी इतकी सवड देईलच असे नाही.

परत मिळणे म्हणजे तरी काय, तेही नीट समजून घ्यावे. प्रत्येक केसपेपरचे चित्र काढून हजारो पानांचा गठ्ठा हातात दिला, तर तो नुसता वाचता येतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाही. नोंदी ओळी-रकान्यांच्या तक्त्यात मिळाल्या पाहिजेत. नाव एका रकान्यात, तारीख दुसऱ्यात, औषध तिसऱ्यात. विकत घेण्यापूर्वी दहा खोट्या रुग्णांची नावे भरावीत, आणि ‘हे मला आत्ता बाहेर काढून द्या’ असे म्हणावे. जो काढून देतो त्याच्याशी पुढे बोलावे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठतो की नाही, तेही त्याच वेळी दिसेल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसती अक्षरांची खिचडी दिसते, हा अनुभव शाळा-कचेऱ्यांतून पुष्कळांनी घेतलेला आहे.

या कामी सरकारने काही घडी बसवली आहे. आरोग्याच्या नोंदी संगणकावर कशा ठेवाव्यात याचे मानदंड केंद्र सरकारने २०१३ साली ठरवले आणि २०१६ साली सुधारले. २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झाले. त्यात माणसाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो, आणि त्याची संमती असेल तर एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येते. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. सॉफ्टवेअर या योजनेशी जोडलेले असले तर बरेच, मात्र एवढ्यावरून ते चांगले आहे असे समजू नये. तोलकाट्यावर सरकारी शिक्का असला म्हणून माल चांगला ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट फुकटची. अमेरिकेत ‘प्रॅक्टिस फ्यूजन’ नावाची एक कंपनी होती. ती लहान डॉक्टरांना सॉफ्टवेअर फुकट देई आणि जाहिरातींवर पैसा मिळवी. पुढे चौकशीत असे बाहेर आले, की वेदनाशामक अफूजन्य औषधे विकणाऱ्या एका कंपनीकडून तिने सुमारे १० लाख डॉलर घेतले होते. त्या बदल्यात डॉक्टर रुग्ण तपासत असताना पडद्यावर वेदनेविषयी एक सूचना झळकू लागली, आणि ती सूचना त्या औषधविक्रेत्यांना सोयीची होईल अशा बेताने घडवलेली होती. डॉक्टरांना वाटे, ही वैद्यकशास्त्राची आठवण आहे. जानेवारी २०२० मध्ये ही कंपनी १४ कोटी ५० लाख डॉलर भरून तडजोडीला तयार झाली. त्या अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चिमुकल्या सूचनेचे मोल कळते. तेव्हा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला इतकेच विचारावे, की बाबा रे, तुझे पोट कशावर चालते?

फुकट पण सचोटीचे असेही काही असते, हेही सांगितले पाहिजे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेचे ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या गरजेतून ‘बाह्मनी’ नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले. ते कोणीही घ्यावे, उघडून पाहावे, बदलावे असे मुक्त आहे, आणि ते पुढे परदेशांतही गेले. पण ते आहे रुग्णालयाच्या मापाचे. एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर एवढ्याच दवाखान्याला ते चालवायला जाणकार माणूस लागेल. अंगरखा चांगला आहे, पण ढगळ होतो.

आता आपल्याकडच्या नावांची आणि तारखांची गंमत पाहा. माझी खात्री आहे की शिक्षक श्रोते या ठिकाणी हसतील. महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या इतकी का, हे त्यांना चांगले माहीत आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की मास्तर १ जून लिहून मोकळे होत. आता सॉफ्टवेअरही जन्मतारखेसाठी अडून बसते. म्हातारीला तारीख सांगता येत नाही, मग कंपाउंडर घाईत काहीतरी ठोकून देतो. त्यापेक्षा नुसते अंदाजे वय लिहिता येईल, आणि ते अंदाजे आहे हेही दिसेल, असे सॉफ्टवेअर हवे. नावाचेही तसेच. मुलगी माहेरी एका नावाने, सासरी दुसऱ्या नावाने. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते तेव्हा तिचा लहानपणचा केसपेपर सापडतो का? एकाच गावात एकाच नावाची तीन माणसे असतात. ती वडिलांच्या नावाने, वस्तीने, नाही तर घराण्यातल्या टोपणनावाने ओळखली जातात. पुष्कळ सॉफ्टवेअर माणसाला मोबाइलच्या क्रमांकावरून ओळखतात. पण घरात मोबाइल एक आणि माणसे सात! आजोबांची रक्तदाबाची गोळी नातवाच्या पानावर चढायला वेळ लागत नाही. एका क्रमांकावर घरची सगळी माणसे वेगवेगळी ठेवता येतात का, आणि चुकून झालेली दोन पाने एकत्र जोडता येतात का, हे प्रत्यक्ष करून पाहावे.

मोबाइलचा विषय निघाला म्हणून सांगतो. आठवण करून देणारा संदेश ही मोठी सोय आहे. बाळाच्या लसीची तारीख चुकत नाही. पण तो संदेश जातो कोणाच्या हातात? फोन मुलाच्या खिशात असतो, दिराकडे असतो. क्षयाची तपासणी, दिवस राहिल्याची शंका, मनाचा आजार, या गोष्टी ज्याने त्याने घरात कधी आणि कोणाला सांगायच्या ते स्वतः ठरवायचे असते. गावात एक शब्द फुटला तर ठरलेली सोयरीक मोडते. म्हणून संदेशात आजाराचे नाव येता कामा नये. ‘अमुक दिवशी दवाखान्यात यावे’ एवढेच पुरे. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत तर गुप्तता २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा सर्वसाधारण कायदाही संमत केला. ‘नोंदी कंपनीच्या संगणकावर होत्या, मी काय करू?’ असे म्हणून डॉक्टरांना त्यात हात झटकता येत नाहीत. दवाखान्यातही कंपाउंडरला नंबर आणि हिशेब दिसावा, डॉक्टरांचे टिपण दिसू नये, अशी वेगवेगळी कुलपे असलेली बरी. एकच परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवलेला असेल, तर कुलूप कसले न् काय!

वीज आणि इंटरनेट यांचे काय? काही सॉफ्टवेअरच्या नोंदी दूर कंपनीच्या संगणकावर राहतात, काहींच्या दवाखान्यातल्याच यंत्रावर. पहिल्या प्रकारात यंत्र जळाले तरी नोंदी वाचतात, पण तार तुटली की काम अडते. दुसऱ्यात काम चालते, पण यंत्र चोरीला गेले की सर्वस्व गेले. तिथे रोजच्या रोज दुसरी प्रत काढून ती घरी नेण्याची शिस्त हवी. खेड्यासाठी मला मधला मार्ग बरा वाटतो: तार नसताना इथेच लिहावे आणि तार जुळली की ते वर पोचावे. तरीही कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा टेबलाच्या खणात असू द्यावा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’सारख्या संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि पुढे कित्येक दिवस तिथले काम हाताने लिहून चालवावे लागले.

किंमत विचारताना पहिल्या वर्षाची विचारू नये, तिसऱ्या वर्षाची विचारावी. संदेशांचे पैसे वेगळे का, दुरुस्तीला माणूस येतो की फक्त फोनवर बोलतो, तो मराठीत बोलतो का, हेही विचारावे. पसंती एकट्या डॉक्टरांनी करू नये. कंपाउंडरला बसवावे आणि बाजाराच्या दिवशीच परीक्षा घ्यावी. रविवारी निवांत वेळी सगळीच सॉफ्टवेअर छान चालतात! साध्या तापाच्या रुग्णाची नोंद करायला पंधरा ठिकाणी बोट दाबावे लागले, तर महिन्याभरात डॉक्टर काहीतरी थातुरमातुर भरू लागतील. आणि डॉक्टर सारखे पडद्याकडेच पाहत राहिले तर? रुग्णाच्या चेहऱ्याकडे, जिभेकडे, नखांकडे कोणी पाहायचे? यंत्र अशा बाजूला ठेवावे की मान फार वळवावी लागणार नाही.

तुम्हां श्रोत्यांच्या हातीही एक गोष्ट आहे. दवाखान्यात संगणक आला तरी दर वेळी छापील चिठ्ठी मागून घ्यावी आणि घरी एका पिशवीत तारखेनुसार ठेवावी. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ साली झालेल्या नियमांप्रमाणे, रुग्णाने आपल्या नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. ही मागणी म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे.

राहता राहिले जुने केसपेपर. ते सगळे टंकून काढण्याच्या भरीस पडू नये. पाच-पन्नास झाले की कंटाळा येतो आणि पुढे चुका होतात. एक दिवस ठरवावा. त्या दिवसापासून जो रुग्ण येईल त्याचा जुना कागद काढून फक्त चार गोष्टी संगणकात घ्याव्यात: कोणते औषध सोसत नाही, कायमचा आजार कोणता, शस्त्रक्रिया कोणती झाली, चालू गोळ्या कोणत्या. बाकी कागद गठ्ठ्यात बांधून माळ्यावर ठेवावा आणि गठ्ठ्याचा क्रमांक त्या माणसाच्या पानावर लिहून ठेवावा. माळा मात्र पावसात गळणारा नसावा.