जेवला कधी, ते आधी सांगा



मुकुटबन हे कापसाचे गाव, कोळशाचे गाव आणि अलीकडे सिमेंटचे गाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या या झरी-जामणी तालुक्यात पशुवैद्यक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे बैल येतो, शेळी येते, रात्री दोन वाजता अडलेली गाय येते. अशा ठिकाणी अध्यक्षपदावरून अडीच किलोच्या कुत्र्याच्या यकृतावर बोलले जाते, याचे काहींना नवल वाटेल. पण चित्र बदलले आहे. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घराघरांत पोचला. पॉमेरेनियन त्याच्याही आधीपासून होता. आता शिह त्झू आणि डॅशहाऊंडही मोटारसायकलच्या टाकीवर बसून दवाखान्यात येतात. बैलाचे वजन, बैलाचा डोस, बैलाचे दुखणे यांवर तयार झालेली नजर या जिवांवर रोखायची, तर ती थोडी बारीक करावी लागते.

मालकाची तक्रार बहुधा अशी असते: "जेवलं का कोपऱ्यात जाते अन् भिताडाले डोकं लावून उभं रायते जी." कुत्रे आठ-दहा महिन्यांचे. भावंडांपेक्षा लहान, अंगाने किडकिडे. कधी लाळ गळते, कधी एकाच बाजूला गोल गोल फिरते, कधी दिसत नसल्यासारखे खाटेच्या पायाला धडकते. दोन तासांनी पुन्हा शहाणे. घरात कुणी म्हणते फिट आली, कुणी म्हणते नजर लागली. दवाखान्यात फिटचे औषध सुरू होते. त्या औषधावर कुत्रे गुंगते, कारण ते औषधही यकृतालाच पचवायचे असते आणि या कुत्र्याचे यकृत ते काम करू शकत नाही.

या सगळ्या हकिगतीत रोगाचे नाव मालकाने पहिल्याच दोन शब्दांत सांगितलेले असते: "जेवलं का." ते ऐकू यावे, एवढ्यासाठीच हे भाषण आहे.

आतड्यांतून रक्त घेऊन येणारी मोठी शीर, म्हणजे पोर्टल शीर, यकृतात शिरते. जेवणातून आलेले अमोनियासारखे विषारी पदार्थ तिथे निवळतात आणि मग रक्त पुढे हृदयाकडे जाते. काही पिल्ले जन्मतःच एक आडवाट घेऊन येतात. एखादी जादा शीर यकृताला वळसा घालून रक्त थेट पुढे नेते. याला पोर्टोसिस्टेमिक शंट म्हणतात. मोठ्या जातींत ही आडवाट बहुधा यकृताच्या आत असते, तर यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज, शिह त्झू, पग अशा छोट्या जातींत ती बाहेर असते. न निवळलेले रक्त मेंदूपर्यंत जाते आणि कुत्रे भिंतीला डोके लावते. यकृताला हवे तेवढे रक्तच मिळत नाही, म्हणून ते खुरटते, आणि त्याच्याबरोबर पिल्लूही.

ही गोष्ट शास्त्राला कळली तीही कुत्र्यांमुळेच. 1877 मध्ये निकोलाय एक (Eck) या रशियन शल्यविशारदाने कुत्र्यांच्या पोर्टल शिरेचे रक्त यकृताला टाळून थेट मोठ्या शिरेत वळवले. त्याच्या आठ कुत्र्यांपैकी एकच तगले. पुढे 1893 मध्ये इव्हान पावलोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया बऱ्याच कुत्र्यांवर केली आणि जी जगली त्यांच्यावर बारकाईने लक्ष ठेवले. मांस खाल्ले की ही कुत्री चिडत, अडखळत, आंधळ्यासारखी वागत, त्यांना झटके येत. पावलोवच्या घंटेची गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ही दुसरी गोष्ट पशुवैद्यकाच्या रोजच्या कामाची आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. त्या कुत्र्यांनी मोजलेली किंमत मोठी होती, तेव्हा त्यांनी शिकवलेले विसरणे बरे नव्हे.

आता निदान. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून विदर्भाचा आधार आहे, 2000 पासून पशुविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही तिथेच आहे. पण मुकुटबनहून नागपूर जवळ नाही, आणि प्रत्येक मालकाला एका पिल्लासाठी तिथवर जाणे झेपत नाही. म्हणून आधी इथे काय जमते ते पाहू. स्वच्छ वाटीत धरलेली ताजी लघवी घ्यावी, फिरवावी, तळाचा थेंब काचेवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. त्यात पिवळट-तपकिरी, गोल आणि अंगभर काटे असलेले स्फटिक दिसले, अगदी धोतऱ्याच्या फळासारखे, तर ते अमोनियम बाययुरेटचे. धोतरा इथे बांधाबांधावर उगवतो, त्याचे फळ ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही. डाल्मेशियन कुत्र्यात हे स्फटिक एरवीही सापडतात. पण खुरटलेल्या शिह त्झूत ते दिसले, तर शंटचा संशय पक्का धरून पुढे जावे.

पुढची पायरी बाइल ॲसिडची तपासणी. उपाशीपोटी एकदा रक्त घ्यायचे, मग थोडे खायला घालून बरोबर दोन तासांनी पुन्हा. दुसरा आकडा 25 मायक्रोमोलच्या बराच वर गेला, तर यकृताचे काम किंवा त्याचा रक्तपुरवठा बिघडला आहे असे समजावे. अमोनियाची तपासणी नमुना बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत व्हावी लागते, म्हणून ती इथून पाठवून उपयोग नाही. बाइल ॲसिडचे सीरम मात्र थंड डब्यातून खुशाल नागपूरला जाऊ शकते. एक सावधगिरी हवी: मोठ्या कुत्र्याला बारा तास उपाशी ठेवता येते, किलोभराच्या पिल्लाला नाही. त्याची साखर उतरते आणि साखर उतरल्यावरही झटकाच येतो. अशा पिल्लाचा उपास कमी तासांचा असावा, तोही कुणाच्या तरी नजरेखाली.

आणि एसजीपीटी, यकृताची ती नेहमीची रक्ततपासणी? तिच्यावर फार भिस्त ठेवली जाते. यकृताच्या पेशी फुटत असतील तर ती वाढते. यकृत काम करते की नाही, हे ती सांगत नाही. शंटच्या कुत्र्यात ती जवळजवळ सरळ येऊ शकते, आणि यकृत सुकत सुकत संपत आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यातही. उलट, वाढत्या पिल्लाचे अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांमुळे वाढलेले असते, आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्या कुत्र्यात ते त्या इंजेक्शनमुळेच चढते. अल्ब्युमिन, साखर, युरिया आणि कोलेस्टेरॉल हे चारही एकत्र खाली गेले असतील, तर ती खूण जास्त बोलकी.

उपचाराचा पाया साधा आहे. लॅक्ट्युलोजचे पातळ औषध सुईविना सिरिंजने गालाच्या पिशवीत द्यायचे, मात्रा अशी की दिवसातून दोन-तीनदा मऊ शी व्हावी. जुलाब झाले तर मात्रा जास्त झाली. जोडीला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक. जेवण दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, मटण बंद, त्याऐवजी भात, दही, पनीर, अंडे. इथे एक चूक सर्रास होते. "लिव्हर बिघडलंय" म्हटले की सगळीच प्रथिने बंद केली जातात. ज्याच्या मेंदूवर परिणाम झालेला नाही अशा यकृताच्या रोग्याला प्रथिने हवीतच. नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलेले कुत्रे स्वतःचे मांस जाळते आणि त्यातून अमोनिया आणखी वाढतो.

शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या केंद्रात त्या आडवाटेभोवती एक छोटे कडे बसवतात. बाहेरून पोलाद, आत दुधातले केसीन. केसीन ओलावा शोषून हळूहळू फुगते आणि शीर काही आठवड्यांत बंद होते. एकदम बांधून टाकली तर खुरटलेल्या यकृताला एवढे रक्त झेपत नाही. दुधाच्या एका घटकाने शीर सावकाश मिटावी, हा मानवी हाताचा एक अतिशय सुंदर शोध आहे.

शंटबद्दल इतके बोलणे झाले, कारण तो निसटतो. कावीळ निसटत नाही, पण फसवते.

कुत्र्याची कावीळ पाहायची तर ओठ वर करून हिरडी बघावी, डोळ्याची वरची पापणी ओढून पांढरा भाग बघावा, कानाच्या आतली कातडी उन्हात धरावी. लघवी जुन्या पांढऱ्या कापडावर हळदीसारखी उमटते का, ते बघायला घरच्यांना सांगावे. पिवळी हिरडी दिसली की लगेच काविळीचे झाडपाल्याचे औषध शोधले जाते, गळ्यात माळ घातली जाते. पण या भागात पिवळ्या कुत्र्याचे यकृत पुष्कळदा निर्दोष असते. गोचिडातून आलेला बॅबेसिया रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि त्या फुटण्यातून पिवळेपणा येतो. अशा कुत्र्याची हिरडी पिवळी असतेच, शिवाय पांढरीफटकही. कानाच्या टोकाला सुई टोचून काढलेल्या थेंबाची फिल्म रंगवून पाहिली, तर पेशीच्या आत तो जीव सापडू शकतो. घरातला कांदा भरपूर खाल्लेले छोटे कुत्रेही तांबड्या पेशी फुटून असेच पिवळे पडते. म्हणून कावीळ दिसली की यकृताच्या औषधाआधी रक्ताचा थेंब.

गोचिडासाठी शेतातले उरलेले फवारणीचे औषध कुत्र्याच्या अंगावर चोळणारी घरे आहेत. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऐंशी किलोच्या माणसाला न झेपणारे विष तीन किलोच्या कुत्र्याच्या कातडीवर, जे ते दिवसभर चाटत राहते. कृपा करून हे थांबवावे.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, लेप्टोस्पायरा. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईकरांनी त्याचा तडाखा सोसला आहे. ताप, ओकारी, पाय ओढत चालणे, मग कावीळ, आणि यकृताबरोबर मूत्रपिंडही गारद. सोफ्यावर झोपणारे कुत्रेही सुटत नाही, कारण उंदीर धान्याच्या कोठीत असतो. डॉक्सीसायक्लिन वेळेवर सुरू झाले तर कुत्रे वाचते. लस दरवर्षी टोचावी लागते. अशा कुत्र्याची लघवी उघड्या हातांनी पुसू नये, कारण हा आजार माणसाला होतो. ॲडिनोव्हायरसची संसर्गजन्य कावीळ 1947 मध्ये स्वीडनच्या रुबार्थने नीट वर्णिली, ती लसीमुळे खूप मागे हटली आहे. लस चुकलेल्या पिल्लाचा डोळा निळसर दिसला तर तिची आठवण ठेवावी.

आता त्या एका गोष्टीकडे, जी प्रत्येक कापूस-मका-भुईमूग पिकवणाऱ्या गावाला ठाऊक असली पाहिजे. 1974 च्या अखेरीस पश्चिम भारतात, राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत, माणसांना कावीळ आणि जलोदर होऊ लागला. पोट फुगत होते, माणसे मरत होती. त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि 1975 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापला. अवकाळी पावसात भिजलेला मका, त्यावर आलेली ॲस्परजिलस बुरशी आणि तिचे अफ्लाटॉक्सिन. लोक महिनाभर रोज दोन ते सहा मिलिग्रॅम विष भाकरीतून खात असावेत, असा त्यांचा हिशेब होता. कुत्र्यांना त्याच भाकरीचा तुकडा मिळत होता.

याचा इथल्या दवाखान्यांशी थेट संबंध आहे. ओलसर पावसाळ्यात काळी-हिरवी पडलेली मक्याची कणसे, खवट शेंगदाणे, बुरशीची पेंड "माणसाले नाई, कुत्र्याले घाला" म्हणून पुढे केली जाते. बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहते आणि भाकरी भाजल्यानेही ते पुरते जात नाही. एका घरातली दोन कुत्री एकाच आठवड्यात सुस्त, पिवळी, काळी शी करणारी झाली, तर पशुवैद्यकाने औषध लिहिण्याआधी कोठी उघडून बघावी. कुत्र्याला वाचवायला गेलेला माणूस कदाचित त्या घरातल्या पोरांना वाचवून येईल.

घरातली गोळीही तेवढीच घातक. कुत्रे कणकण करते म्हणून 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिली जाते. तीन किलोच्या पॉमेरेनियनला ती किलोमागे 166 मिलिग्रॅमहून जास्त पडते, आणि किलोमागे शंभराच्या आसपासच यकृत जळायला लागते. साखरविरहित च्युइंगगममधले झायलिटॉल तर त्याहून लवकर मारते. वसाहतीतल्या बंगल्यांपुढे शोभेला लावलेल्या सायकसच्या झाडाच्या लाल बिया कुत्री चघळतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांचे यकृत कोसळते. अशा वेळी लिव्हर टॉनिकची बाटली पुरत नाही, पहिल्या तासातच दवाखाना गाठावा लागतो.

म्हणून एक विनंती. दवाखान्यातल्या केसपेपरवर छोट्या कुत्र्यासाठी चार रकाने जादा आखावेत: शेवटचे जेवण किती वाजता, त्यात काय होते, त्रास किती वाजता सुरू झाला, आणि आठवड्याभरात घरात किंवा अंगणात कोणते औषध आले. वजन ग्रॅममध्ये लिहावे. त्यासाठी भाजीच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, वर पाटी ठेवायची आणि पाटीत टॉवेल. मालकाला घरी एक वही द्यावी. मुकुटबनच्या एखाद्या शाळकरी मुलीने त्या वहीत "मंगळवार, दुपारी 1.30, वरण-भात आणि मटणाचा रस्सा, 3.15 ला भिंतीपाशी" एवढे जरी लिहून आणले, तरी नागपूरच्या तज्ज्ञाला फोनवर सांगण्यासारखे निम्मे निदान हातात आलेले असेल.