पाळीचा तक्ता कोणाच्या हाती?

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गाला विषय दिला आहे रात्रपाळीचा. रेल्वे आणि टपालवाल्यांना रात्रपाळी समजावून सांगणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवण्यासारखे आहे. पॉइंट्समन, लोको पायलट, रुळावर कंदील घेऊन फिरणारा पेट्रोलमन, आर.एम.एस.चा सॉर्टर, यांनी नोकरीतल्या किती रात्री जागून काढल्या याचा हिशेब त्यांच्या घरच्यांना विचारावा. म्हणून आम्ही आज आपल्याबद्दल थोडे आणि दुसऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहोत. हे दुसरे म्हणजे तरी कोण? आपल्याच क्वार्टरमध्ये वाढलेली मुले. कोणाची मुलगी पुण्याला कॉल सेंटरात आहे, कोणाचा भाचा चाकणला मोटारीच्या कारखान्यात ट्रेनी आहे. रेल्वेत आणि पोस्टात भरती आटली, तेव्हा ही पोरे दुसरीकडे कुठे जाणार?

चेन्नईच्या बैठकीला गेलो असता आम्ही काही प्रतिनिधी इरुंगाट्टुकोट्टैला जाऊन आलो. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूर तालुक्यातले हे गाव. आपल्याकडे एम.आय.डी.सी. तशी तिकडे सिपकॉट. तिची मोठी वसाहत इथे आहे. ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ साली इथे मोटारी निघू लागल्या आणि सुटे भाग बनवणारे कारखाने त्याच्या आसपास उभे राहिले. इथल्या मोटारी वालाजाबाद स्टेशनात आपल्याच मालगाडीत चढतात. पण कामगाराला मात्र गावात रेल्वे स्टेशन नाही. तो बसने येतो आणि बसने जातो.

दक्षिण रेल्वेचे एक साथी दुभाषे म्हणून बरोबर होते. सुट्या भागांच्या लहान कारखान्यांतली पाच-सहा पोरे चहाच्या टपरीवर भेटली. एकाने हिशेब मांडला. काम आठ तास. पण खोलीतून निघून खोलीवर परत येईपर्यंत अकरा तास जातात. पाळी दर आठवड्याला बदलते. एका खोलीत पाच जण राहतात, तिघांच्या पाळ्या तीन. एक उठतो तेव्हा दुसरा अंग टाकतो, आणि तिसऱ्याचा कुकर शिट्ट्या मारत असतो. आम्ही विचारले, सर्वांत जास्त त्रास कशाचा? आम्हाला वाटले, झोपेचा म्हणतील. तो म्हणाला, उद्या कोणती पाळी ते आज संध्याकाळी कळते, त्याचा.

त्याची बहीण चेन्नईत कॉल सेंटरला आहे. ती त्या दिवशी भावाकडे आली होती. तिचे गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरात ते लोक घड्याळे तासभर मागे घेतात, मार्चमध्ये पुढे करतात. काटा फिरतो तिकडे आणि इकडे हिची पाळी तासभर सरकते. पगाराचे तास मोजायचे ते संगणकात लॉग-इन झाल्यापासून. एक फोन ठेवला की दुसरा तयार. जेवणाची सुट्टी मिनिटांत मोजलेली. प्रत्येक बोलणे रेकॉर्ड होते आणि एका फोनला सरासरी किती वेळ लागला त्यावर गुण ठरतात. समोरचा शिव्या देत असला तरी आवाज चढवायचा नाही. पोंगलला सुट्टी नाही, कारण गिऱ्हाइकाला पोंगल नाही. आणि हिचा पुढच्या आठवड्याचा तक्ता रविवारी रात्री मोबाइलवर येतो. बहीण-भावाची कामे निराळी, पण दुखणे एकच.

रात्र जागण्याचे मोल शरीर देते, यात आता शंका राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. शरीरातले हे घड्याळ कसे चालते याचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. गाड्या, इस्पितळे, टपाल रात्री बंद ठेवता येणार नाहीत हे आपल्याला कळते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: रात्रीचे काम टळत नसेल तर त्याला हद्द हवी, भरपाई हवी, आणि पाळीचा तक्ता एकट्या मालकाच्या हाती नको.

आपल्याला ही हद्द कोणी दान दिली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली तेव्हा ती १८९० साली मिळाली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी त्याच दिव्यांच्या उजेडात कामाचा दिवस लांबवला. कापड गिरण्यांतील पुरुषांना १२ तासांची मर्यादा घालायला १९११ चा कायदा यावा लागला. रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांच्या तंट्यांत १९४६ साली लवाद म्हणून न्यायमूर्ती राजाध्यक्ष नेमले गेले आणि त्यांच्या निवाड्याने रेल्वे कामगाराच्या ड्युटीला व रेस्टला आकार आला. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात आठ तासांची मागणी होती. आपल्या आधीच्या पिढीने त्यासाठी तुरुंग आणि बडतर्फी भोगली. आज रेल्वे कायद्यात इंटेन्सिव्ह कामाला आठवड्याला सरासरी ४५ तास आणि कंटिन्युअसला ५४ तास लिहिलेले आहेत. रात्री १० ते सकाळी ६ मधल्या दर तासाला १० मिनिटे जादा धरायची, हा नाईट ड्युटी भत्त्याचा नियम आहे. २०२० साली त्या भत्त्याला ४३,६०० रुपये मूळ पगाराची मर्यादा घातली गेली, म्हणजे मिळालेलेही हातातून निसटते. तरी नियम आहे, म्हणून भांडता येते. त्या बहिणीजवळ भांडायला कागदच नाही.

कोणी म्हणेल, नवीन धंद्यांत संघटनेचे काय चालते? तर साथींनो, तामिळनाडूकडे बघा. २१ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या विधानसभेने १२ तासांच्या पाळीला वाट करून देणारे विधेयक मंजूर केले. वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एकत्र आल्या, सत्ताधाऱ्यांच्या मित्रपक्षांनीही विरोध केला. तीन दिवसांत ते स्थगित झाले आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. सिंगारवेलर यांनी १ मे १९२३ रोजी त्याच शहरात भारतातला पहिला मे दिन साजरा केला होता. बरोबर शंभर वर्षांनी आठ तास वाचले.

आणि आपल्याकडे? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगितले जाते. पण बारा तास यंत्रापुढे उभे राहिलेला माणूस बसचे तास धरून घरी किती वाजता पोचेल, हे त्या कागदात लिहिलेले नसते.

कॉल सेंटरवाल्यांना संघटना करता येत नाही, हाही एक गैरसमज पसरवलेला आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नोकरदारांना संघटना बांधण्याचा हक्क आहे, असा खुलासा तामिळनाडू सरकारने २०१६ सालीच केला आहे. अडचण कायद्यापेक्षा भीतीची आहे. नोकरी कच्ची, शेजारी बसणारा दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि घरचे सांगतात, "गप काम कर." हे सांगणारे घरचे कोण? आपणच.

म्हणून शाखेपुढे आम्ही तीन कामे ठेवतो. एक, घरातल्या रात्रपाळीच्या मुलाला दुपारी झोपू द्या आणि तो उठला की पगाराआधी त्याचा पाळीचा तक्ता विचारा: किती दिवस आधी मिळतो, दोन पाळ्यांत किती विश्रांती असते, रात्री घरी कोण सोडते. दोन, त्याची नेमणूकपत्रे आणि पगारपत्रके शाखेच्या कार्यालयात आणा. ती वाचून दाखवायला आपल्यातले जाणते लोक दर रविवारी बसतील. तीन, मागणी एकच ठेवा आणि सोपी ठेवा: सात दिवस आधी लेखी तक्ता, आणि तो बदलायचा तर कामगाराच्या संमतीने. यात मालकाचे कारखाने बुडत नाहीत. आपल्या रोस्टरमुळे रेल्वे काही बुडाली नाही.

रात्री दोन वाजता आपल्या गाडीची चौकशी करायला प्रवासी १३९ नंबर फिरवतो. त्या वेळी इंजिनात आपला माणूस जागा असतो आणि फोनवर बोलणारा तोही जागाच असतो. आपल्या माणसाच्या ड्युटीचे तास कायद्यात लिहिलेले आहेत. फोनवरच्या त्या पोराचेही लिहून घेणे हे आता आपले काम आहे.