आधी रेकी, मग रोबो



मी पायदळात बत्तीस वर्षं काढली. शेवटची पोस्टिंग महूला होती, म्हणून निवृत्तीनंतर जवळच इंदूरला फ्लॅट घेतला आणि आम्ही इथलेच झालो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे केर काढणाऱ्या रोबोबद्दल. हसू नका. आयुष्यात मी बरेच निर्णय घेतले, पण घरात सगळ्यात मोठी माघार मला या निर्णयात घ्यावी लागली.

आमचं इंदूर २०१७ पासून वर्षामागून वर्ष स्वच्छ शहरांच्या यादीत वर आहे. आमच्या पलंगाखाली मात्र ती यादी पोहोचलेली नव्हती. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही, वाकून केर काढायचा नाही. बाई येतात, पण पलंगाखालचा आणि सोफ्यामागचा केर ही सौ.ची कायमची तक्रार. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी बंदोबस्त करतो.

रात्री अकरा वाजता मोबाइल घेऊन बसलो. वाचता वाचता कळलं की अमेरिकेतल्या आयरोबॉट कंपनीने २००२ मध्ये रूम्बा हा घरगुती रोबो बाजारात आणला, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीचा पॅकबॉट अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याबरोबर गुहा तपासायला गेला. फौजी माणसाला आणखी काय हवं! गुहेत जाणाऱ्याचा भाऊबंद पलंगाखाली जाणार नाही? दुसऱ्याच एका कंपनीचा, त्यातल्या त्यात स्वस्त रोबो साडेअकराला मागवून मोकळा झालो. सौ.ला विचारलं नाही. साधी टेपसुद्धा काढली नाही.

रोबो आला. बेडरूममध्ये सोडला तर भिंतीला धडकून वळायचा, पुन्हा दुसरीकडे धडकायचा. तीच जागा चार वेळा झाडायचा आणि कोपरा तसाच सोडायचा. बेडरूमच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे, तिथे आला की थबकून मागे फिरायचा. मला वाटलं, बिघडला. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी फिरून आलो, तर सौ. पलंगाशेजारी जमिनीवर बसलेली. रोबोची बॅटरी पलंगाखाली संपली होती. त्याला काठीने ओढून काढायला ती खाली बसली आणि तिला उठता येईना. अर्धा तास तशीच बसून होती. नशिबाने लागलं काही नव्हतं.

तिला धरून खुर्चीवर बसवलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, मला वाकायला लागू नये म्हणून आणलात ना हा?"

मंडळी, अकादमीत पहिल्या दिवसापासून आम्हाला शिकवतात की रेकीवर घालवलेला वेळ सहसा वाया जात नाही. रेकी म्हणजे पुढे जाऊन जागा डोळ्यांनी पाहून येणं. बत्तीस वर्षं मी हे जवानांना सांगितलं, आणि स्वतःच्या घराची रेकी मात्र केली नाही. केर कुठे साचतो हे ज्या व्यक्तीला चाळीस वर्षं माहीत आहे, तिलाच विचारलं नाही.

मग आम्ही दोघांनी रेकी केली. सौ. खुर्चीत बसून सांगत होती, मी टेप घेऊन रांगत होतो. त्यातून जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

पहिलं माप उंचीचं. पलंग, दिवाण, सोफा, कपाट यांच्या खालची जागा सेंटिमीटरमध्ये लिहा. ज्या रोबोंच्या डोक्यावर छोटा घुमट असतो, त्यात लायडार असतो. लायडार म्हणजे लेझरचा किरण फिरवून अंतर मोजणारं यंत्र. त्याने रोबो खोलीचा नकाशा करतो आणि शेतात नांगर चालावा तसा ओळीने केर काढतो. अंधारातही त्याला दिसतं. पण घुमटामुळे असे बरेच रोबो साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच होतात. आमच्या पलंगाखाली जागा होती नऊ. बिनघुमटाचे बुटके रोबो मिळतात, पण त्यातले साधे आमच्या पहिल्यासारखे आंधळे फिरतात, आणि कॅमेऱ्याने वाट काढणाऱ्यांना उजेड लागतो. पलंगाखाली उजेड कुठून येणार?

मी म्हटलं, झालं, हा बेत रद्द. सौ. म्हणाली, "रोबो बुटका कशाला हवा? पलंग उंच करू. मलाही उठताना बरं पडेल." डॉक्टरांनीही उंच खुर्ची, उंच पलंग वापरा असं सांगितलंच होतं. सुताराकडून तीन सेंटिमीटरचे लाकडी गुटके करून घेतले आणि पायांखाली पक्के बसवले. या सगळ्या खटाटोपात आमचा सगळ्यात कमी पैशांचा आणि सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

दुसरं माप उंबरठ्याचं. बरेचसे रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत चढतात. जुन्या घरातला लाकडी उंबरठा ते ओलांडणार नाहीत. तसं असेल तर प्रत्येक खोलीत रोबो उचलून नेणार कोण, हे आधी ठरवा.

तिसरी गोष्ट फरशीचा रंग. रोबोच्या पोटाशी इन्फ्रारेड सेन्सर असतात. खाली सोडलेला किरण परत आला नाही की तो समजतो, पुढे जिना आहे. काळा दगड किंवा गडद गालिचा किरण शोषून घेतो, म्हणून रोबो मागे फिरतो. आमच्या ग्रॅनाइटच्या पट्टीचं रहस्य हेच होतं. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी काळ्या पट्टीवरून चालवून पाहा. काही लोक सेन्सरवर चिकटपट्टी लावतात. घरात जिना किंवा पायरी असेल तर ते चुकूनही करू नका.

चौथं, आकड्यांना भुलू नका. जाहिरातीत पास्कलचे मोठमोठे आकडे असतात. तो हवा ओढण्याचा दाब आहे. जाड गालिच्याला तो जास्त लागतो, आपल्या टाइल्सना, कोटा दगडाला इतका लागत नाही. त्यापेक्षा मुख्य ब्रश पाहा. लांब केस त्यात गुंततात, तेव्हा तो सहज निघतो का आणि साफ करता येतो का, हे हाताने करून पाहा.

पाचवं, पोछा. फक्त ओलं फडकं ओढत नेणारा रोबो धूळ पुसतो, पण हळदीचा किंवा तेलाचा डाग काढत नाही. फिरत्या गोल पोछ्याचे रोबो बरं काम करतात, पण ते महाग असतात आणि त्यांच्या टाकीतलं घाण पाणी आपल्यालाच ओतावं लागतं. तसंच, साधा व्हॅक्यूम सांडलेल्या पाण्यावर गेला तर आतून खराब होतो. न्हाणीघराचं दार लावून ठेवा.

सहावं, रसद. पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत रोबो मिळतात. पण घेण्याआधी फिल्टर, बाजूचा ब्रश आणि बॅटरी यांची किंमत विचारा. आपल्या गावात दुरुस्ती होते की रोबो खोक्यात घालून दुसऱ्या राज्यात पाठवावा लागतो, तेही विचारा. माझा भाचा म्हणाला, मामा, अमेरिकेतून आणतो. मी नको म्हटलं. तिथली वीज ११०-१२० व्होल्टची. धूळ आपोआप रिकामी करणारे तिथले बरेच स्टँड तेवढ्यावरच चालतात, आणि तिथली वॉरंटी इथे उपयोगी पडेल याचा भरवसा नाही.

सातवं, घरातला कोण चालवणार? बरेच रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले जातात, एवढं तपासा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोबाइलशिवाय, नुसतं बटण दाबून तो चालला पाहिजे. सौ.ने ही अट घातली होती. आणि कॅमेऱ्याचा रोबो घेताना विचार करा. चाचणीसाठी घराघरांत दिलेल्या रोबोंनी टिपलेले फोटो समाजमाध्यमांवर पोहोचल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती. मी लायडारवाला, बिनकॅमेऱ्याचा घेतला.

पहिला रोबो फेकला नाही. धाकट्या भावाच्या घरी बडोद्याला पाठवला. त्याची एकच खोली आहे आणि फरशी सगळी पांढरी. तिथे मजेत चालतो. यंत्र वाईट नव्हतं, पोस्टिंग चुकलं होतं.

आता एक नाजूक गोष्ट. नवा रोबो आला त्या दिवशी आमच्या कामवाल्या बाईंनी दारातूनच विचारलं, "साहब, मेरा काम गया क्या?" मी गडबडलो. सौ.ने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं की पगार तोच राहील. पलंगाखालचं काम रोबो करेल, तुम्ही पोछा आणि जाळ्या बघा. बाईंचेही गुडघे दुखतात, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षं त्या माझ्या घरी वाकून केर काढत होत्या. तुमच्याही घरी रोबो येणार असेल, तर तो येण्याआधी बाईंशी बोला.

आणि शेवटी माझी ड्युटी. रोज रात्री साडेनऊला मी जमिनीवरच्या चपला, चार्जरच्या वायरी, पायपुसणी उचलतो. गालिच्याच्या झालरी आत दुमडतो. रविवारी ब्रशमधले केस कात्रीने कापतो, फिल्टर झटकतो. केर काढायचा तर आधी पसारा उचलावा लागतो, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. फौजेत ते काम सहायक करायचा, घरी सौ. करायची.

तुम्ही रोबो घ्यायचा विचार करत असाल तर आज रात्री मोबाइल उघडू नका. टेप काढा, कागद घ्या, आणि घरात ज्यांच्या हातात झाडू असतो त्यांना शेजारी बसवून पलंगाखालची उंची मोजा. बाकीचं त्या सांगतील.