दाराबाहेरची शुश्रूषा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, शिष्यवृत्त्या आणि विवाहखर्चाची काटकसर या विषयांवर विचार मांडले जातात. यंदा चिटणीसांनी आम्हांस विषयाची मोकळीक दिली, म्हणून आम्ही थोडा निराळा विषय निवडला आहे. पतिपत्नींपैकी एकजण अपघातात जबर जखमी होऊन इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात पडला आणि घरी लहान मुले असली, तर दुसऱ्याने काय करावे व आपण समाजबांधवांनी काय करावे, हा तो विषय होय. संमेलनाच्या दिवशी हे अशुभ कशाला, असे कोणास वाटेल. परंतु रस्त्यावरील अपघात मुहूर्त पाहून होत नाहीत.

अतिदक्षता विभागाचा उगमच मुळी पाळीने केलेल्या सेवेतून झाला आहे. 1952 साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ज्यांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले, त्यांच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवीने बाहेरून हवा भरावी, असा उपाय डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी योजिला. यंत्रे पुरेशी नव्हती. तेव्हा सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसले आणि हाताने पिशवी दाबीत राहिले. कोणा एकाने हे करू म्हटले असते, तर त्याचा हात तासाभरात गळून गेला असता. आज ते काम यंत्र करते; मात्र दाराबाहेर बसलेल्या जोडीदारास अद्याप पाळी बदलून मिळत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पुतणीच्या यजमानांस दुचाकीवरून जाताना अपघात झाला. डोक्यास मार लागला, बरगड्या मोडल्या. ते एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होते. घरी सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि वृद्ध सासूबाई. पहिले तीन दिवस इस्पितळाच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस आप्तमंडळी जमत. आत मात्र भेटीच्या वेळी एकासच, तेही दहा मिनिटे, सोडीत. येणारा प्रत्येकजण “कसे झाले?” म्हणून विचारी आणि ती बिचारी तोच वृत्तांत पुन्हा पुन्हा सांगे. व्हरांड्यात एवढी गर्दी, आणि घरी मुलांस वेळेवर जेवू घालावयास कोणी नाही!

चौथ्या दिवशी आपल्याच समाजातील एका वडीलधाऱ्या काकूंनी मुलांची शाळेची वही घेतली व तीत रकाने आखले. रात्री इस्पितळात कोण, डबा कोणाचा, मुलांस शाळेत कोण पोहोचविणार, औषधे व कागदपत्रे कोणाकडे, आणि विचारपूस करणाऱ्यांस उत्तर कोण देणार. या शेवटच्या कामावर पुतणीच्या धाकट्या दिरांची नेमणूक झाली. बाकीच्यांनी त्यांनाच फोन करावा असे ठरले. त्या दिवसापासून पुतणी रोज सायंकाळी दोन तास घरी येऊन मुलांबरोबर जेवू लागली. “यजमान तिकडे आणि ही घरी कशी?” असे म्हणणारेही निघाले. पण औषधाच्या गुंगीत असलेल्या पतीपेक्षा त्या दोन तासांत तिची गरज मुलांस अधिक होती.

मुलांविषयी थोडे अधिक बोलतो. उभा जन्म आमचा मुलांत गेला आहे. “बाबा गावाला गेले आहेत,” असे नातलगांनी मुलीस सांगितले होते. तिला खरी हकीकत वर्गातील मैत्रिणीकडून कळली. ती जेवेना, कोणाशी बोलेना. अखेर आईनेच तिला जवळ घेऊन सांगितले : बाबांच्या डोक्याला लागले आहे, त्यांना झोपेचे औषध दिले आहे, घशात नळी आहे म्हणून त्यांना बोलता येत नाही, यात तुझा काही दोष नाही, ते कधी घरी येतील हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही, पण मला जे कळेल ते मी तुला सांगेन. मुलगी रडली आणि मग जेवली. मुले मनातल्या मनात स्वतःस दोषी धरतात; म्हणून दोषाविषयीचे वाक्य गाळू नये. शाळा, जेवण आणि झोप यांच्या वेळा शक्यतो मोडू नयेत.

रुग्णाविषयीही काही गोष्टी ठाऊक असाव्यात. नळी उपसू नये म्हणून कधी त्याचे हात मऊ पट्ट्यांनी बांधतात. गुंगी उतरताना तो भलतेसलते बोलतो, कधी माणसे ओळखीत नाही. हा भ्रम बहुधा तात्पुरता असतो. त्यास वेड समजू नये. परिचारिकेस विचारून हातावर हात ठेवावा, शांतपणे नाव घेऊन बोलावे. डॉक्टरांचे म्हणणे रोज तारीखवार वहीत टिपावे. घरच्या गोष्टीही लिहाव्यात. शुद्धीवर आल्यावर हरवलेले दिवस रुग्णास त्या वहीत सापडतात.

पैशाची काळजी जोडीदारावर टाकू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्यास पहिल्याच दिवशी भेटावे. रस्त्यावरील अपघातग्रस्तांसाठी 2025 सालापासून केंद्राची योजना आहे. तीत नेमून दिलेल्या इस्पितळांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. मोठ्या धर्मादाय इस्पितळांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. हे कागद हिंडून गोळा करणारा एक जाणता माणूस मिळाला, तर ते साहाय्य रोख मदतीहून कमी नव्हे.

रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर आला की संकट टळले असे समजून माणसे पांगतात. वास्तविक दीर्घ काम तेथून पुढे सुरू होते. अशक्तपणा, निद्रानाश, चिडचीड, विस्मरण हे महिनोन्‌महिने राहते. आणि शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराचे मनही खचते. आमचे जावई वर्षाने कामावर रुजू झाले. डाव्या हातात पूर्वीची शक्ती अद्याप नाही. काकूंची वही मात्र आठ महिने चालू होती. त्यांतील शेवटचे पाच महिने आमच्या पुतणीस अधिक जड गेले, असे तीच सांगते.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना अशी की, अशी एक वही मंडळाच्या कचेरीत कायमची असावी. कोणी रात्रीची पाळी देईल, कोणी डबा, कोणी रक्त, कोणी मुलांचा अभ्यास घेईल. आम्हां वृद्धांस जागरण झेपणार नाही. अभ्यास घेणे खचित झेपेल, आणि त्या रकान्यात आमचे नाव आजच लिहावे. आपणही जाण्यापूर्वी चिटणीसांकडे आपापली नावे द्यावीत, एवढी विनंती आहे.