शिडाच्या होडीतून वाटाघाटीच्या मेजावर

शिडाच्या होडीवर घडलेला माणूस राजनयात उपयोगी ठरतो, असे माझे मत आहे. त्याला आधार बेल्जियमच्या जाक रॉग यांच्या आयुष्याचा. १९४२ साली गेंटमध्ये जन्मलेले, पेशाने अस्थिशल्यविशारद असलेले रॉग १९६८, १९७२ आणि १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये फिन प्रकारात उतरले. एक शीड, एक माणूस आणि साडेचार मीटरची होडी. पदक मिळाले नाही. पण या शर्यतीत पाण्यावर शिट्टी फुंकणारा पंच नसे. आधी वाट कोणाची, यावरून वाद झाला तर तक्रार नोंदवायची, शर्यत पुरी करायची आणि किनाऱ्यावर समितीपुढे साक्षीदारांसह बाजू मांडायची. निकाल विरुद्ध गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याच प्रतिस्पर्ध्याशेजारी शीड उभारायचे. वाटाघाटीची ही तालीमच होती.

कोणी म्हणेल, रॉग कधी कुठल्या दूतावासात नव्हते. खरे आहे. मात्र २००१ ते २०१३ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना दोनशेहून अधिक राष्ट्रीय समित्यांना धरून चालावे लागले, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना तरुण निर्वासित व क्रीडा यांसाठी विशेष दूत नेमले. त्यांच्या पद्धतीचा कस २०१२ च्या लंडन स्पर्धेत लागला. सौदी अरेबिया, कतार आणि ब्रुनेई यांनी तेव्हा प्रथमच महिला खेळाडू पाठवल्या. सौदीच्या वोजदान शाहरकानीने डोके झाकायचे की नाही, यावर ज्युदो महासंघ अडून बसला होता. चर्चेअंती डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोपीवर तडजोड झाली. तिची लढत अवघ्या ८२ सेकंदांत संपली, पण ती मॅटवर उतरली, हे मला मोठे वाटते.

याहून गंभीर आक्षेप त्यांच्या मवाळपणाचा आहे. १९७२ च्या म्युनिक स्पर्धेत मारल्या गेलेल्या इस्रायली पथकातल्या ११ जणांसाठी लंडनच्या उद्घाटनात मौन पाळावे, ही मागणी त्यांनी मान्य केली नाही. क्रीडाग्रामात मौन पाळले. मला ते अपुरे वाटते, कारण म्युनिकच्या त्या स्पर्धेत ते स्वतः खेळाडू होते. पण त्यावरून त्यांना सरसकट मवाळ म्हणता येत नाही. २०१२ च्याच डिसेंबरमध्ये, निवडणुकीतल्या सरकारी हस्तक्षेपावरून, त्यांच्याच समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केले. त्यामुळे २०१४ मध्ये सोचीच्या उद्घाटनात आपले खेळाडू तिरंग्याविना चालले. म्हणून अशा तालमीत घडलेल्या खेळाडूंना प्रशासनात वेळीच जागा कशी द्यायची, हा प्रश्न या नौकानयन परिषदेच्या आजच्या सत्रांपुढे ठेवतो.