तळघराचं छत झाकू नका
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सगळे छान छान बोलले. मी मात्र तुम्हाला जरा तळघरात नेणार आहे.

आपल्या बेसमेंटचं छत ओबडधोबड आहे. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे, कुठे खडी उघडी, कुठे लोंबणारी तार. रौप्यमहोत्सवानिमित्त तिथे पीओपीचं फॉल्स सीलिंग करावं, अशी सूचना आली आहे. तरुण मंडळींचा उत्साह मला आवडतो, पण या सूचनेला माझा विरोध आहे. मी इंजिनिअर नाही; बँकेत कर्जाची तारणं तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे वरच्या चकाकीखाली काय आहे ते बघायची खोड आहे.

त्या छतावर आपली बाग आहे. तिथलं पाणी झिरपून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, काँक्रीटला आतून ढकलतो आणि पोपडा सुटतो. मागच्या पावसाळ्यात रॅम्पजवळ ताटलीएवढा पोपडा पडला. मुलं तिथेच सायकली फिरवतात! फॉल्स सीलिंग असतं, तर आत काय चाललंय ते कुणाला कळलंच नसतं. शिवाय पीओपीला ओल सोसत नाही, ते वेगळंच.

मग करायचं काय? आधी वरून, बागेच्या बाजूने वॉटरप्रूफिंग. नुसतं खालून लिंपलं तर पाणी शेजारून वाट काढतं. मग छत हातोडीने ठोकून बघायचं. बद्द आवाज येईल तिथलं काँक्रीट सुटलेलं समजायचं. ते सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज घासून उतरवायचा, गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. सळई फारच झिजली असेल तर इंजिनिअर सांगतील तशी नवी जोडायची. गुळगुळीतपणासाठी जाड गिलावा नको. तोच आधी डोक्यावर येतो. बाकी छत तारेच्या ब्रशने साफ करून थेट पांढरा सिमेंट रंग. फळ्यांचे ठसे दिसले तर दिसू देत, पार्किंगच आहे ते, लग्नाचा हॉल नव्हे. उजेड वाढेल, आणि ओल आली की डाग लगेच चुगली करेल.

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिटरला छत उघडं दिसायला हवं.

तेव्हा कमिटीला विनंती, सीलिंगसाठी ठरवलेली वर्गणी वॉटरप्रूफिंगकडे वळवा. माझ्या हिश्श्याचा चेक मी आजच सेक्रेटरींकडे देतो आहे. काम मात्र पावसाच्या आत उरकलं पाहिजे.